द्वादशीचा डाव

"बास्केटबॉल ना? द्या इकडे! पंधरा दिवसांत सुतासारखा सरळ करतो!"

रणोजीरावांनी तांदळाच्या अक्की रोट्टीचा तुकडा चटणीत बुडवता बुडवता हे जाहीर केलं आणि त्यांच्या पत्नी भवानीबाईंनी तवाच खाली उतरवला. नवऱ्याचा हा आवाज त्या चांगल्या ओळखून होत्या. याच आवाजात त्यांनी मागे परसातली विहीर खोल करायला घेतली होती आणि शेजाऱ्यांची आटवली होती.

सरळ करायची होती ती त्यांच्या मुलाची, मनोहरची टीम. मनोहर म्हैसूरच्या कॉलेजात बी.ए.ला होता आणि कॉलेजच्या बास्केटबॉल टीमचा कॅप्टन होता. म्हणजे अजून तरी होता! पाचांपैकी तीन मॅचेस टीम हरली होती. खेळांचं बघणाऱ्या नरसिंहमूर्ती सरांनी स्वच्छ सांगितलं होतं, की बेंगळूरच्या कॉलेजाशी होणारी पुढची मॅच गेली तर प्रिन्सिपॉलसाहेबांना तसा रिपोर्ट जाईल आणि कॅप्टन बदलेल. पोराचं जेवणातलं लक्ष उडालं होतं. बापाला ते बघवत नव्हतं.

आता रणोजीरावांचे आजोबा म्हैसूरच्या घोडदळात होते, त्यामुळे लढाई आपल्या रक्तातच आहे असं त्यांचं मत होतं. स्वतः ते नजरबाद भागातल्या एका सरकारी कचेरीत पावसाचे आकडे जुळवत. बेट्टदपुरला दहा वर्षांपूर्वीच्या श्रावणात किती इंच पाऊस पडला, हे ते झोपेतून उठवलं तरी सांगत. घरातली छत्री कुठे आहे, हे मात्र त्यांना जागेपणीही सांगता येत नसे. तर रक्तात लढाई आणि बोटांवर आकडे! मग हरायचं कारणच काय?

"अप्पा, तुम्ही हा खेळ कधी खेळलाय का?" मनोहरनं विचारलं.

"पाऊस तरी मला कुठे पाडता येतो? मोजतो की नाही?"

मनोहर कॉलेजात लॉजिक शिकत होता. या लॉजिकपुढे त्यानं हात टेकले.

झालं! दुसऱ्या दिवसापासून रणोजीराव डोक्याला पागोटं आणि मांडीवर कचेरीतले पावसाचे छापील तक्ते घेऊन मैदानाच्या कडेला हजर. तालुक्याच्या रकान्यात खेळाडूचं नाव आणि इंचांच्या रकान्यात टोपल्या! चेंडू जाळीत गेला की ते ओरडत, "पडला!" हुकला की म्हणत, "कोरडा!" बघायला आलेली मंडळी दर खेपेला आभाळाकडे बघत. आधीच्या मॅचेसचा हिशेब त्यांनी स्कोअर ठेवणाऱ्या क्लार्कला घरी बोलावून, कॉफी पाजून काढून घेतला.

आकड्यांतून एक गोष्ट लख्ख दिसायला लागली. त्या काळी प्रत्येक टोपलीनंतर चेंडू पुन्हा मैदानाच्या मधोमध आणून वर फेकत. दोन्ही टीमचा एकेक उंच गडी उडी मारी. ज्याचा हात आधी लागेल त्याच्या टीमकडे चेंडू! म्हैसूरकडून उडीला असायचा व्यासराज. ताडमाड पोरगा! जिंकलेल्या मॅचेसमध्ये तो शेवटपर्यंत आंबे उतरवल्यासारखा चेंडू उतरवत होता. हरलेल्या मॅचेसमध्ये मात्र दुसरा हाफ लागला की तोच व्यासराज पाटावरून उठल्यासारखा उठत होता. चेंडूच हाती येईना, तर आपला नेमबाज वादिराज फेकणार काय, टोपी?

"पण असं का होतं?" रणोजीराव घरात येरझाऱ्या घालत होते. "वारा? मैदान? बूट?"

"व्यासराजला बूटच नाहीत," मनोहर म्हणाला.

पावसाच्या तक्त्यावर तारखेशेजारी तिथी लिहायची रणोजीरावांच्या हाताला सवय होती, कारण खेड्यातला शेतकरी तारीख विचारत नाही. एका संध्याकाळी त्यांची नजर त्या तिथींवर गेली आणि ते असे काही ओरडले, की भवानीबाईंच्या हातून दुधाचं पातेलं निसटता निसटता राहिलं.

"एकादशी! तिन्ही पराभव एकादशीला! भवानी, सापडलं!"

आणि खरंच सापडलं होतं! व्यासराज, वादिराज आणि आणखी एक, असे पाचातले तिघं माध्वांच्या मठाच्या वसतिगृहात राहणारे. एकादशीला त्यांच्या पोटात अन्न सोडाच, पाण्याचा थेंबही जात नसे. बरं, मॅचेस नेमक्या एकादशीलाच का? तर त्या दिवशी वसतिगृहात पंगत नाही, वाढायचं काम नाही, मुलं दुपारपासून मोकळी! म्हणून घरच्या मैदानावरची मॅच सर त्याच दिवशी ठेवत; जिंकलेल्या दोन तेवढ्या परगावी झाल्या होत्या.

"मग सरांच्या कसं लक्षात आलं नाही?" भवानीबाईंनी विचारलं.

"ते स्वतः माध्वच. तेही उपाशी. त्या दिवशी त्यांना सगळं जगच थोडं हळू चालल्यासारखं दिसत असणार!"

बेंगळूरची मॅचही अर्थात एकादशीलाच ठेवली होती. रणोजीराव तडक सरांच्या घरी गेले आणि तक्ता पुढे धरला. सरांनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला.

"अय्यो, रणोजीरायरे! हे आमच्या लक्षातच आलं नाही की हो! एक दिवस पुढे ढकलू. द्वादशीला."

मनोहर त्या रात्री पोटभर जेवला. बापाकडे बघून हसलाही. बऱ्याच वर्षांनी पोरगा असा कौतुकानं बघत होता, आणि रणोजीरावांची छाती अंगरख्यात मावेना. इथेच ते थांबले असते, तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती.

पण ते आकडे झाले, लढाई कुठे झाली?

"शत्रूची रसद तोडतात, हे सगळ्यांना माहीत आहे," सकाळी ते म्हणाले. "मी उलटं करणार. शत्रूला रसद देणार! वसतिगृहात द्वादशीची पंगत माझ्याकडून. बेंगळूरच्या पोरांना पाहुणे म्हणून बोलवायचं आणि होळिगे खाऊ घालायच्या. पुरणानं गच्च भरलेल्या, तुपात भिजवून! चार वाजता मॅच. कोण उडी मारतो बघू!"

"अहो, जेवू घालून हरवायचं? हे काय माणुसकीचं झालं?" भवानीबाई कळवळल्या.

"पाहुणचार म्हणतात त्याला! मनोहर, आपल्या तिघांना सांगून ठेव. एकेक होळिगे. बस्स!"

मनोहरनं सांगून ठेवलं. तिघांनी मान डोलावली. एकादशीच्या आदल्या दिवशी, भरल्या पोटी मान डोलावणं फार सोपं असतं हो!

द्वादशी उजाडली. पारण्याचं तीर्थ आणि दोन घास मुलांनी पहाटेच घेतले, पण खरी पंगत पाहुण्यांसाठी थांबली. पाहुण्यांची आगगाडी उशिरा आली, आणि पानं मांडायलाच दुपारचा एक वाजला. आतल्या दालनात वसतिगृहातली मुलं आणि नरसिंहमूर्ती सर. बाहेरच्या ओसरीवर बेंगळूरची पोरं आणि मनोहर. रणोजीराव अन्नदाते खरे, पण आत सोवळं, म्हणून ते दोन्हीकडचं दिसेल असे दालनाच्या दाराबाहेर उभे राहिले. सेनापतीनं टेकडीवर उभं राहावं तसे!

आणि डाव उलटला. बेंगळूरच्या कॅप्टननं, गोऱ्यागोमट्या कॅन्टोन्मेंटच्या पोरानं, पानावरची होळिगे पाहिली, हात जोडले आणि तो म्हणाला, "थँक यू सर! मॅचच्या आधी आम्ही जेवत नाही." पाचही जणांनी दोन दोन केळी खाल्ली आणि ते उठून झाडाखाली पाय ताणायला गेले!

आत मात्र काल पाणीही न प्यालेले तिघं समोर तुपानं चमकणारी होळिगे पाहत होते. पहिली गेली. दुसरी गेली. वाढणारे भट्ट, म्हणजे वसतिगृहाचे मुख्य आचारी, तिसरी घेऊन वाकले. व्यासराजनं पानावर हात आडवा धरला.

"साकु, भट्टरे, साकु!"

आता म्हैसूरच्या पंगतीत 'साकु', म्हणजे 'पुरे', असं कोण म्हणत नाही? म्हणायचंच असतं! तसं न म्हटलं तर हावरट दिसतं. आणि वाढणाऱ्यानं ते ऐकायचं नसतं. ऐकलं तर कंजूष दिसतो. भट्टांनी बोटांच्या फटीतून तिसरी सोडली.

दारातून रणोजीरावांनी हे पाहिलं आणि त्यांना घाम फुटला. आत जाता येत नव्हतं. त्यांनी दोन्ही हात वर करून जोरजोरात हलवले. भट्टांनी बघितलं. अन्नदाता दारात उभा राहून हात हलवतोय! म्हणजे वाढप कमी पडतंय! भट्ट शरमले.

"ए, रायरांचं समाधान होईना! आणखी आण रे!"

"साकु! साकु!" रणोजीराव दारातून ओरडले.

"बघा कसे विनयानं बोलतात!" भट्ट गहिवरले आणि त्यांनी चौथी वाढली. अन्नदात्याच्याच तोंडून 'साकु' त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं होतं. त्याचा मान राखायला वादिराजला दोन!

रणोजीरावांनी मान हलवली, पायसाची वाटी वाढली गेली. त्यांनी कपाळाला हात लावला, तूप वाढलं. शेवटी ते मटकन पायरीवर बसले, तेव्हा कुठे भट्टांना दाता तृप्त झालेला दिसला. मध्येच उठायची सोय नव्हती, कारण पंगत सगळी एकदम उठते, आणि सर अजून पायसावर होते.

चार वाजता मैदानावर जे झालं त्याला मॅच म्हणणं जिवावर येतं. पहिला चेंडू वर गेला. बेंगळूरचा गडी उडाला. व्यासराज चवड्यांवर उठला, जरा थांबला आणि परत खाली आला. वादिराजला चेंडू मिळाला तेव्हा त्यानं तो छातीशी धरून इतक्या मायेनं पाहिला, की बेंगळूरच्या पोरानं हळूच काढून घेतला तरी तो तसाच उभा! तिसऱ्यानं पळायचा प्रयत्न केला आणि उचकी लागून तो बाहेर बसला. मनोहर एकटा या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत होता. त्याचं तोंड लाल झालं होतं. प्रत्येक टोपलीला तो एकदा कडेला, बापाकडे बघत होता.

रणोजीरावांनी तक्ता उलटा ठेवला. लढाई, डाव, रसद, सगळं त्यांच्या डोक्यातून गेलं होतं. पोराची कॅप्टनशिप आपण आपल्या हातानं तुपात बुडवली, एवढंच त्यांना कळत होतं.

शिट्टी वाजली. अठ्ठावीस विरुद्ध सहा. सहाही मनोहरचे.

ते धावतच कडेला खुर्चीत बसलेल्या नरसिंहमूर्ती सरांकडे गेले. "स्वामी, काय लिहायचं ते माझ्याबद्दल लिहा! पोराचा काही दोष नाही. होळिगे मी घातल्या! पंगत मी घातली! त्याची कॅप्टनशिप काढू नका!"

सर खुर्चीत मागे रेललेले. पागोटं नाकापर्यंत उतरलेलं. रणोजीरावांनी घाबरून त्यांचा हात हलवला.

"आँ? साकु, भट्टरे, साकु!" सर दचकून उठले. मग इकडेतिकडे बघून सावकाश म्हणाले, "कोण जिंकलं?"

"बेंगळूर, सर," मनोहर म्हणाला.

सरांनी पागोटं सरळ केलं. "मनोहर, रिपोर्ट लिहायचा तर मी मॅच पाहिलेली असायला हवी, अल्वा, खरं ना?"

"हो, सर."

"आणि प्रिन्सिपॉलसाहेबांनी विचारलं, पहिली टोपली कुणी टाकली, तर?" सर खाकरले. "तर मग असं करू. ही मैत्रीची मॅच होती. रिपोर्ट नको. कॅप्टन तोच राहू दे."

रणोजीरावांनी त्यांचे दोन्ही हात धरले. डोळ्यांत पाणीच आलं बिचाऱ्यांच्या!

"पण एक अट, रणोजीरायरे. आमच्या टीमला तुम्ही पुन्हा मदत करायची नाही."

"शप्पथ, स्वामी! आणि होळिगे?"

"होळिगेचं," सर आवाज उतरवून म्हणाले, "आपण वेगळं बोलू."

बापलेक पायी घरी निघाले.

"एकादशीचे आकडे मात्र बरोबर होते, बरं का," शेवटी रणोजीराव हळूच म्हणाले.

"होते, अप्पा." मनोहरनं वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला. "पुढच्या महिन्यात आम्ही बेंगळूरला जाणार आहोत. तुम्ही चार दिवस आधी जा, आणि त्यांच्या टीमला मदत करा."

रणोजीराव रस्त्यातच थांबले. रागवायचं की काय, त्यांनी क्षणभर विचार केला. पण खरं सांगायचं तर, सूचना वाईट नव्हती!