निरंजनचा कोळसा आणि मालूबाईंची वांगी

"आजपासून शाहपुरात कोणी पऱ्हाटी जाळणार नाही!" निरंजनने सकाळी नऊ वाजता छाती काढून जाहीर केलं, आणि सव्वानऊला स्वतःच पऱ्हाटी पेटवली.

तसं त्याचं खोटं नव्हतं, बरं का! कापूस वेचून झाला की उरलेल्या काड्या, म्हणजे पऱ्हाटी, लोक शेतातच पेटवून देतात आणि मग आठवडाभर डोळे चोळत बसतात. निरंजन त्या काड्या पिंपात कोंडणार, खालून जाळ लावणार, आत हवा म्हणून जाऊ देणार नाही, आणि शेवटी कुकरच्या नळीने वाफ सोडणार. मग कोळशाला इतकी बारीक भोकं पडतात म्हणे, की धुरातली सगळी घाण त्यात अडकून बसते. याचं नाव ॲक्टिव्हेटेड कार्बन. सक्रिय कोळसा!

"कोळसा सक्रिय?" त्याचे वडील आत्माराम म्हणाले. "इथं पोरगं सक्रिय होईना!"

कागद गिरणीतले मनोजसाहेब दुपारी एक वाजता नमुना बघायला येणार होते. साहेबांनी माल पास केला, तर मळ्यातली शेड निरंजनची. नाही केला, तर पिंप भंगारात आणि निरंजन बऱ्हाणपुरात, लोधीपुऱ्यातल्या मामाच्या कापड दुकानात. गेल्या दिवाळीत त्याने तिथे आठ दिवस साड्यांच्या घड्या घातल्या होत्या. झोपेतसुद्धा काठाला काठ जुळवत होता बिचारा!

त्यामुळे आज त्याचा पाय एका जागी ठरत नव्हता. पिंपाभोवती एक फेरी, मग घड्याळ, मग पुन्हा फेरी. आणि इथेच घोळ झाला बघा. पौषाची थंडी, केळीचा मळा आणि वर पऱ्हाटीचा धूर! आपल्याकडे याचा एकच अर्थ होतो. भरीत! पऱ्हाटीच्या जाळावर वांगी भाजल्याशिवाय भरताला चव नाही, हे इथल्या लेकराला घुटीबरोबरच कळतं.

अकराच्या सुमाराला शेजारच्या मळ्यातले भाईदासकाका पातेलं घेऊन हजर!

"काय रे, पार्टी करून राहिला अन् आम्हाला बुलावा नाही?"

"काका, भरीत नाही हे! प्रदूषणाचं काम आहे!"

"कशाचं का असेना, तेल मी आणलंय."

बारा वाजेस्तोवर वीस माणसं जमली. कोणी ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी आणल्या, कोणी कांद्याची पात. मालूबाई तर टोपलीभर हिरवीगार वांगी घेऊन थेट पिंपापाशी.

"मावशी, हात लावू नका! हवा लागली की कोळशाची राख होते!"

"हवा कोण लावतं रे? मी तर वांगी लावते."

तेवढ्यात साहेबांचा फोन. ते तिकडे बऱ्हाणपूरच्या लालबागलाच रस्ता चुकले होते. मळ्यात रेंज मिळेना म्हणून निरंजन विहिरीच्या कठड्यावर चढला आणि पाच मिनिटं "सीधा, साहेब, सीधा!" ओरडत राहिला. उतरून येतो तर काय? झाकण गवतावर, पिंपातून ज्वाळा, आणि मालूबाई चिमट्याने मजेत वांगी फिरवतायत!

"आत काय झकास निखारा होता रे! उगाच झाकून ठेवला होतास."

निरंजनला तर रडूच फुटायचं बाकी होतं. त्याने झाकण घातलं, कडेने चिखल थापला, वाफ सोडली आणि पुन्हा फेऱ्या सुरू केल्या. "होईल ना? होईल ना?" असं तो पिंपालाच विचारत होता.

साहेब आले. आधी भरीत जेवले, तेही दोनदा मागून. मग हात पुसत म्हणाले, "हं, दाखवा."

झाकण उघडलं. राख! नुसती राख!

आत्मारामांनी लगेच मामाला फोन लावायला मोबाइल बाहेर काढला. ते बघून निरंजनने मालूबाईंचा चिमटा राखेत खोल खुपसला. तळाशी काहीतरी लागलं. काळेभोर, हलके, चमकदार गोळे! त्याने त्यातले पाच गोळे कुटले, पाइपात भरले आणि एका टोकाला ओली पऱ्हाटी पेटवली. दुसऱ्या टोकाला साहेबांचं धूर मोजायचं यंत्र लावलं, तर त्यावरचा आकडा हलेना. साहेबांनी नाक लावून पाहिलं. वाससुद्धा नाही!

"कमाल! असा कोळसा मी आजवर पाहिला नाही!" साहेबांनी उरलेला सहावा गोळा उचलला आणि डोळ्यांजवळ नेला. "पण काय हो, पऱ्हाटीला देठ कसा?"

"अगं बाई!" मालूबाई किंचाळल्या. "ही तर माझी वांगी! मघापासून सहा कमी भरून राहिली!"

साहेब हसून हसून खाटेवर बसले. मग एकदम गंभीर झाले. "असू दे. माल पास. चाचणीसाठी वीस किलो पाठवा. पण हाच हं, दुसरा चालायचा नाही."

आत्मारामांनी मोबाइल खिशात टाकला आणि म्हणाले, "घे, शेड तुझी." निरंजन आनंदाने दोन उड्या मारून मोकळा झाला. मग त्याला आठवलं, की वांग्यात सगळं पाणीच. वीस किलो कोळशाला वांगी लागणार दहा क्विंटल.

सोमवारी तो बऱ्हाणपूरच्या भाजी बाजारात उभा होता.

"दहा क्विंटल भरताची वांगी!" व्यापारी हरखला. "किती पानं उठणार आहेत, भाऊ?"

"पानं नाहीत हो," निरंजन इकडेतिकडे बघत हळूच म्हणाला, "जाळायचीत. शेतातला कचरा वाया जाऊ नये म्हणून."