वांग्याशेजारी सांबार

सकाळी साडेसहाला श्रावणजी परसात यायचे, खाकरायचे आणि खड्या आवाजात पुकारा करायचे, "वांगे वल्द बोरगाव, हाजिर हो!" मग दोन पावलं पुढे. "कोबी वल्द नागपूर, हाजिर हो! टमाटर वल्द पांढुर्णा, हाजिर हो!" ज्या गावच्या बाजारातून रोप आलं, ते गाव त्या रोपाचा बाप. एखादं रोप रात्रीत मान टाकून बसलेलं दिसलं, की ते त्याच्यापुढे उभे राहून म्हणायचे, "गैरहाजिर. पुढची तारीख घे. त्या तारखेलेबी नाई उठला, तं खारीज."

श्रावणजी तहसिलीत चपराशी होते. तीस वर्षं त्यांनी पक्षकारांच्या नावाचा पुकारा केला. रिटायर झाल्यावर माणसं गेली, पुकारा राहिला.

मी त्यांच्या शेजारी खोली घेऊन राहत होतो. ऐंशी सालानंतरची ती दोन-तीन वर्षं. आमच्या घराण्यात कॉलेजचं तोंड पाहिलेला मी पहिला. माझा बाप पांढुर्ण्याकडे दुसऱ्याच्या बागेत संत्री तोडायचा. मी बी.एस्सी. झालो, शेतीखात्यात लागलो आणि नोकरीच्या गावी, सौंसरला, येताच पहिलं काम काय केलं असेल, तर दारावर ऑइलपेंटनं नाव लिहून घेतलं. नाव बारीक होतं, 'बी.एस्सी. (कृषी)' ठळक होतं. श्रावणजींनी ते वाचलं आणि त्या दिवसापासून माझं नाव संपलं. "या, बीएस्सी!" "काय बीएस्सी, चहा झाला का?"

त्यांच्या परसाकडे पाहून माझ्यासारख्या शिकलेल्या माणसाच्या अंगावर काटा यायचा. एकाही वाफ्यात एक पीक नव्हतं. वांग्याच्या चारही बाजूंनी सांबार, म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर. कोबीला पुदिन्याचा वेढा. टमाटरच्या दोन झाडांमध्ये तुळस, मिरचीच्या कडेनं ओवा, भेंडीजवळ शेपू. मी एकदा मधल्या भिंतीवरून म्हणालो, "काकाजी, ही खिचडी काऊन केली? हे सगळे तुमच्या वांग्याचं खत खाऊन राहिले."

ते हातातलं खुरपं ठेवून माझ्याकडे वळले. असं वळले, की पुढचा अर्धा तास ऐकून घ्यावं लागणार हे मला कळायचं.

"बीएस्सी, तहसिलीच्या बरामद्यात एकच बेंच होता. त्याच्यावर दोन भाऊबंद, एकमेकांच्या नरडीवर बसलेले. कोण कोणाजवळ बसवायचा, हे साहेब नाई ठरवत, मी ठरवत होतो. दोघांच्या मधात मी एक बडबडी बुढी बसवायचो. ते दोघं तिलेच कंटाळत, भांडण राहून जाये. आता हे पाहा. अळीले वांग्याचा वास येते, म्हून ते बरोबर वांग्यावर येते. तिच्या रस्त्यात सांबार बसवला. आता तिले काय समजन, वांगं कुठी आहे?"

"काकाजी, किडीचं असं नसते. आमच्या पुस्तकात..."

"पुस्तकाले अळी लागते का? नाई ना? मग त्याले काय मालूम!"

बाजारात रोप विकणाऱ्या बायांना तर ते नको नको करून सोडायचे. जुडी हातात घेऊन विचारायचे, "बाई, हे रोप वाढलं तवा याच्या बाजूले कोण होतं?" बाई म्हणायची, "बाजूले माही सासू होती, घ्यायचं आहे का सांगा." सगळी रांग हसायची. श्रावणजी हसायचे नाहीत. जुडी नाकाशी धरून हुंगायचे आणि मगच घ्यायचे. पुदिना, शेपू, ओवा, सगळं ते हुंगूनच घेत. कमी वासाचं रोप कितीही टवटवीत असो, परत ठेवायचे. मला वाटायचं, म्हातारा चक्रम आहे.

यमुनाकाकू मात्र त्यांच्या अगदी उलट. बोलणं कमी. शेजारणींकडे जाणं नाही, बाजार नाही. सकाळी नवऱ्याची हजेरी आटोपली, की टोपली घेऊन परसात यायच्या. लुगड्याचा काठ पुदिन्याला घासत, सांबाराला घासत, झपाझप भाजी तोडायच्या आणि आत जायच्या. भाजीवाल्याला चार भाव विचारायला लागेल तेवढ्या वेळात त्यांची टोपली भरलेली असायची.

भिंतीच्या अलीकडे माझं परस होतं. सरळ रांगा, दोरी लावून मोजलेलं अंतर, एका वाफ्यात एकच पीक. आठवड्याला फवारणी. आणि तरी माझं वांगं चिरलं, की आत अळी. श्रावणजींची वांगी मात्र आरशासारखी नितळ. ते माझ्याकडे भिंतीवरून वांगी द्यायचे आणि वर म्हणायचे, "बीएस्सी, तुमीबी एकटे, तुमची वांगीबी एकटी. दोघांलेबी कीड लागन. बायको करा आन् वांग्याजवळ सांबार लावा."

मी हसत घ्यायचो. पण ते मला लागायचं. बायकोचं नव्हे, वांग्याचं. माझ्या बापानं मला शिकवलं ते काय चपराशाकडून शेती शिकायला?

त्या हिवाळ्यात छिंदवाड्याहून आमचे साहेब येणार होते. घराघरात भाजीपाला, असा काहीसा कार्यक्रम होता, आणि प्रत्येकाला एक नमुन्याचं परस दाखवायचं होतं. माझ्या परसात दाखवण्यासारखं काय होतं? सरळ रांगा आणि किडकी वांगी. नेमकं त्याच आठवड्यात श्रावणजी म्हणाले, "बीएस्सी, आमी दोघं चार दिवस नागपूरले जाऊन राहिलो. काम आहे. पाणी तेवढं देजा माह्या परसाले. हजेरी नाई घेतली तरी चालन."

मी म्हणालो, "बिनघोर राहा, काकाजी."

पुढचं लिहायला मला आजही जड जातं, पण लिहितो. मी दुसऱ्या दिवशी खुरपं घेऊन त्यांच्या परसात उतरलो. साहेबांना तीच वांगी दाखवायची, असं मी ठरवलं होतं. पण ती खिचडी दाखवली असती तर साहेब हसले असते. मी सांबार उपटला. पुदिना मुळासकट काढला. ओवा, शेपू, तुळस, सगळं काढलं. मनात म्हणत होतो, म्हाताऱ्यावर उपकारच करतो आहे. आता खत वांग्यालाच मिळेल. मातीला दोरी लावून कडा सरळ केल्या. आणि आता राखण करायला कोणी उरलं नाही, म्हणून सगळीकडे कीड मारायची पांढरी पावडर मारली.

साहेब आले. पाच मिनिटं उभे राहिले. म्हणाले, "शाबास. वाफा असा पाहिजे." ते माझं परस नाही, हे मी सांगितलं नाही.

चौथ्या दिवशी संध्याकाळच्या नागपूर गाडीनं दोघं उतरली. काकू थकलेल्या होत्या, सरळ आत गेल्या. श्रावणजी मागच्या दारानं परसात आले. मी तयारच होतो. "काकाजी, साहेबांनी तुमच्या परसाचं खूप कौतुक केलं!"

ते पाहत राहिले. मग म्हणाले, "वाफे साजरे दिसून राहिले." थोड्या वेळानं, "सांबार कुठी आहे?"

"उकिरड्यावर टाकला. तुम्ही म्हणाल तर..."

"पावडरबी मारली का?"

"हो. पंधरा दिवस काही तोडू नका."

"बरं," म्हणाले. ते चिडतील, मला तहसिली शिव्या देतील, यासाठी मी सगळी उत्तरं पाठ करून ठेवली होती. एकही लागलं नाही. ते उकिरड्याजवळ गेले, वाकले आणि सुकलेल्या काड्या उचलून एकेक नाकाशी धरू लागले. काही काड्या त्यांनी धोतराच्या सोग्यात घेतल्या. मला वाटलं, पुन्हा लावायच्या असतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरी झाली नाही. श्रावणजी आंघोळ करत होते; पाण्याचा आवाज येत होता. मी भिंतीशी दात घासत उभा होतो. यमुनाकाकू टोपली घेऊन पायरीवर आल्या आणि थांबल्या. नाक वर केलं. डावीकडे वळल्या, मग उजवीकडे. दोन पावलं टाकली आणि त्यांचा पाय मिरचीच्या झाडावर पडला. ते मोडलं. त्या मागे सरकल्या तर कोबीत. परसाच्या मधोमध त्या उभ्या राहिल्या, मोकळा हात पुढे करून. माझ्यापासून चार हातांवर होत्या, तोंड माझ्याकडे होतं. माझ्या तोंडात ब्रश तसाच. त्यांना मी दिसत नव्हतो.

"आयकता जी?" त्यांनी हाक मारली. आवाजात लहान पोरीसारखी भीती. "आपण कुठी आलो?"

श्रावणजी ओल्या अंगानं धावत आले. "इथीच आहो, इथीच. आपलंच घर आहे." त्यांनी हात धरून त्यांना पायरीवर नेलं.

नंतर ते भिंतीशी आले. माझ्याकडे न बघता बोलले. "तीन सालापासून कमी कमी होत गेलं. आता नागपूरच्या डाक्टरनं सांगितलं, उजेड-अंधार तेवढा समजन, बाकी नाई. तिले कोणी आंधळी म्हटलेलं खपत नाई, बीएस्सी. घरातलं सारं तिले पाठ आहे. परसाचं काय करू? मंग एकेक वास लावला. सांबार आला का वांगं. पुदिना आला का कोबी. ओवा आला का तिथून मिरची, हात जपून."

"आणि कीड?" मी विचारलं. अशा वेळी मी हेच विचारलं.

"कीड लागत नाई हे मले मागून समजलं. बरं झालं, लोकांले सांगाले काहीतरी भेटलं."

मी म्हणालो, मी लावून देतो, आजच बी टाकतो, रोपं आणतो. ते म्हणाले, "टाका ना. पण सांबार वर येईपर्यंत तिनं काय घरात बसून राहावं?"

त्यांनी त्याच दिवशी बाजारातून जुड्या आणल्या. प्रत्येक वाफ्याच्या कोपऱ्यावर एक खुंटी ठोकली आणि तिला जुडी बांधली. वांग्याला सांबाराची, कोबीला पुदिन्याची. दुपारच्या उन्हात जुड्या सुकायच्या, पावडरचा वास त्यांच्यावर बसायचा. दुसऱ्या दिवशी नव्या जुड्या. इथं जुडी मिळाली नाही तर बोरगावपर्यंत सायकल हाणायचे. मी म्हणायचो, "मी आणतो." ते म्हणायचे, "तुमची ड्यूटी असते." कधीच टोचून बोलले नाहीत. टोचून बोलले असते तर बरं झालं असतं. मी टाकलेलं बी उगवायला लागलं होतं, पण त्याला अजून वास नव्हता.

तीन आठवड्यांनी काकू भिंतीशी आल्या. खुंट्या चाचपत आल्या. टोपलीत वांगी होती. "बाबू, आहात का?"

"आहे, काकू."

"घ्या. लय दिवसांनी तोडली." मी वांगी घेतली. त्या तिथंच उभ्या राहिल्या. "हे सांगत होते, आमी नागपूरले गेलो तवा बकऱ्या घुसल्या होत्या. सारा सांबार, पुदिना खाऊन गेल्या म्हणे."

मी हातातली वांगी मोजू लागलो.

"मोठ्या शहाण्या बकऱ्या असतीन, बाप्पा. वांग्याले तोंड नाई लावलं आन् सांबार तेवढा मुळासकट नेला." त्या किंचित हसल्या. "तुमी शिकलेले माणसं. त्या बकरीवाल्याले भेटून जरा समजावून सांगा. म्हणा, घरचं माणूस नसतानी असं कोणाच्या परसात शिरू नये."

त्यांच्या मागे श्रावणजी वांग्याच्या वाफ्यात उकिडवे बसून खुंटीला जुडी बांधत होते. गाठ केव्हाच बसली होती. तरी मान वर न करता ते बांधतच राहिले.

"हो काकू," मी म्हणालो. "सांगतो त्याला."