दहा निवट्यांचा दाखला

निसर्गाने दिलेला प्रत्येक अवयव कुठल्या ना कुठल्या सरकारी फॉर्ममध्ये उपयोगी पडतोच, फक्त तसा जाणता माणूस भेटावा लागतो. निवटी या माशाला तो भेटला. तो मी.

बोईसरकडच्या एका कारखान्याच्या (नाव घेत नाही, दिवाळीला काजूकतली पाठवतात) सांडपाण्याची चाचणी आमच्या प्रयोगशाळेकडे आली. जवळच्या दांडी गावात मासळी धरणाऱ्या आनंदीबाईंनी तक्रार केली होती की त्या सांडपाण्याच्या पाइपाने खाडीकाठच्या खाजणातली मासळी मरतेय, पाइप बंद करा. नियम सोपा होता. सांडपाण्यात दहा मासे सोडायचे, चार दिवसांनी मोजायचे. नऊ जगले तर पाणी चांगलं, पाइप चालू, तक्रार निकाली.

आधी गप्पी मासे सोडले. ते अकरा मिनिटांत गेले. (गप्पी मुळातच कच्च्या दिलाचा.) पण नियमात 'मासे' एवढंच लिहिलेलं, कोणते ते नाही. म्हणून मी आमच्या धीरजला, म्हणजे सरावलीहून येणाऱ्या केमिस्टला, निवट्या आणायला पिटाळलं. कोणाकडे? आनंदीबाईंकडेच. चिखलात हात घालून निवटी धरावी ती त्यांनीच. बाई खूश झाल्या. "न्या दहा. त्या पाण्यात टाकल्या की मरतील, मंग तुमचे डोले उघडतील."

निवटीची रचना पाहून मी थक्क झालो. पुढचे पर हातासारखे वाकतात, त्यांवर ती चालते. पोटाखालचे पर जोडलेले, ते काचेला चिकटतात. डोळे टाळूवर, संकट लांबून दिसतं. कल्ल्यांत घोटभर पाणी साठवते, वर ओल्या कातडीतून हवा घेते. एवढी गुणवत्ता आमच्या स्टाफमध्ये नाही.

टाकीत सोडल्यावर चार सेकंदांत दहाही निवट्या पाण्याबाहेर. नऊ काचेवर, एक थर्मामीटरवर. चार दिवस तिथेच. धीरज अधूनमधून त्यांच्या अंगावर स्वच्छ खारं पाणी शिंपडायचा (माणुसकीचा भाग, अहवालात नाही). सोडलेल्या: दहा. जिवंत: दहा. पाण्यात असलेल्या: शून्य, पण ते कोणी विचारत नाही.

निकालाला आनंदीबाई आल्या, टाकीकडे बघतच राहिल्या.

"अरं बाबा, त्या जीव घेऊन वर पलाल्यात! एक तरी पाण्यात हाय का? तुमी सांगा, सायब!" मग धीरजकडे वळल्या. "तू तरी बोल रं."

धीरज टेबल पुसायला लागला. खोटं कशाला बोलू, मलाही लाज वाटली. चांगली दोन मिनिटं वाटली. मग शिक्का मारला आणि शेरा लिहिला: 'मासे जिवंत असल्याचे तक्रारदाराने समक्ष मान्य केले.'

बाईंनी दहाही निवट्या टोपलीत भरल्या. "यांना आता सोडू कुठं?" एवढंच विचारलं आणि गेल्या. पाइप चालू आहे.

या यशामुळे आता आमच्याकडे पिण्याच्या पाण्याचंही काम आलंय, तुमच्याच नळाच्या. तिथल्या नियमात 'सजीव' एवढंच लिहिलंय, त्यामुळे मासे आणायची दगदग नाही. तुम्ही ते पाणी पीत नाही, वीस लिटरचा जार मागवता, हे आम्हाला ठाऊक आहे. फॉर्ममध्ये तो प्रश्न नाही. हे वाचताय म्हणजे जिवंत आहात. अभिनंदन, पाणी पास.