दक्षिणेकडून येणारी वानरं

"जावईबापू, तुमच्या त्या शास्त्राचा माणसाला उपयोग काय?" ताटातला दुसरा धपाटा मोडत सटवाजींनी विचारलं.

भागवतनं हातातला घास ताटात ठेवला. हिंगोलीच्या एका कॉलेजात तो संख्याशास्त्र शिकवत होता. पण साखऱ्यात, म्हणजे त्याच्या सासुरवाडीत, लग्नाला तीन वर्षं झाली तरी तो 'जनगणनेवाला जावई' म्हणूनच ओळखला जाई. तो आला की रेशनकार्डात नाव चढवायला दोघंतिघं हमखास येत. मागच्या वर्षी 'विचित्र आकडेवारीची संख्याशास्त्रीय प्रारूपं' या विषयात त्याला डॉक्टरेट मिळाली, तेव्हापासून गुडघेदुखीवालेही येऊ लागले होते.

आजच्या प्रश्नाचं कारण मात्र निराळं होतं. धाकटी मेहुणी आरोही यंदा बी.एस्सी. होणार होती आणि तिला पुढे नांदेडला जाऊन संख्याशास्त्रच शिकायचं होतं. सटवाजींचं म्हणणं होतं की एका घरात एक मोजणारा बास झाला.

"एक उपयोग दाखवा, मंग धाडतो पोरीला," ते म्हणाले. "वानरं हरभरा खाऊन राहिली. तुमच्या शास्त्रानं ती थांबतेत का, बोला."

"थांबतात की! येतात कुठून?"

"उत्तरंकडून. त्या माळावरून."

"मामा, माणसाची आठवण फसवते," भागवत बोट वर करून म्हणाला. "आकडा फसवत नाही."

वर्गात हे वाक्य तो दरवर्षी म्हणायचा आणि आजवर त्याला कुणी हटकलं नव्हतं.

योजना ठरली. वानरांची टोळी आली की आरोहीनं शेताच्या मधोमध उभं राहायचं, मोबाइलमधलं होकायंत्र टोळीकडे धरायचं आणि पडेल तो अंश वहीत लिहायचा. उत्तर म्हणजे शून्य, पूर्व नव्वद, दक्षिण एकशे ऐंशी, आणि गोल फिरून तीनशे साठला पुन्हा उत्तर. पोरगी गुणाची. महिनाभर तिनं एका हातानं वानरं हाकलली आणि दुसऱ्या हातानं चाळीस नोंदी केल्या. तीनशे पन्नास, दहा, तीनशे पंचेचाळीस, बारा, अशा ओळीनं.

जानेवारीच्या शेवटच्या रविवारी भागवत आणि त्याची बायको शिवकन्या साखऱ्याला आले. सगळ्यांच्या देखत भागवतनं चाळीस आकड्यांची बेरीज केली, चाळीसनं भागलं आणि जाहीर केलं, "एकशे एकोणऐंशी अंश. दक्षिण!"

ओसरीवरच्या सगळ्यांनी दक्षिणेकडे पाहिलं. दक्षिणेला नांगरून टाकलेलं उघडं रान होतं आणि पलीकडे सडक. औषधाला झाड नव्हतं. त्या बाजूनं एसटीखेरीज काही आलेलं कुणी पाहिलं नव्हतं, आणि एसटीही रोज येत होती असं नाही.

सटवाजींनी तोंड उघडलं. तेवढ्यात सासूबाईंनी, सुमनबाईंनी, त्यांना आत बोलावलं.

"गप ऱ्हावा," त्या हळू आवाजात म्हणाल्या. सुमनबाईंचा हळू आवाज सडकेपर्यंत जातो, पण भागवत तेव्हा आकडेमोड पुन्हा तपासत होता. "जावयाचा शब्द हाय. त्याला तोंडावर खोटं पाडता व्हय?"

ज्या घरात आमटीत मीठ पडलं नाही हेसुद्धा जावयासमोर कुणी बोलत नसे, तिथे वानरांची काय कथा! उत्तरेच्या बांधावरचा माळा उतरवायला घेतला. राखणीसाठी उभारलेला तो चार बांबूंचा उंच माळा सटवाजींनी दिवाळीनंतर दोन दिवस खपून बांधला होता. बुजगावणं निघालं, वाजवायचे डबे निघाले, गोफण निघाली.

शेजारच्या शेतातून तांड्यावरचा थावरा आला. "सटवाजी, माळा तिकडं काहून नेऊन राहिलास?"

"जावईबापूंनी शोध लावला. वानरं दक्षिणंकडून येतेत."

थावरानं उत्तरेच्या माळरानाकडे पाहिलं, मग भागवतकडे पाहिलं. गावाचा जावई तो सगळ्यांचा जावई. "येत असतील बाबा," म्हणून त्यानंही एक बांबू खांद्यावर घेतला.

घरच्या कुत्र्याला मात्र नात्यागोत्यातलं काही कळत नव्हतं. ते उत्तरेच्या बांधावर माळरानाकडे तोंड करून बसलं, ते बसलंच. दोनदा ओढून आणलं, दोनदा परत गेलं.

अकराच्या सुमारास भागवत स्वतः दक्षिणेच्या बांधावर उभारलेल्या माळ्यावर चढला. खाली सटवाजी, सुमनबाई, शिवकन्या आणि थावरा दक्षिणेकडे तोंड करून ओळीनं बसले. आरोही तेवढी वहीतले आकडे पुन्हा पुन्हा बघत घराकडे गेली. अर्ध्या तासानं समोरच्या सडकेवरून एसटी गेली. भागवतनं तिचीही नोंद घेतली.

मग मागून कुत्रं भुंकायला लागलं.

"मागं कायतरी आवाज येऊन राहिला," सटवाजी मान न वळवता म्हणाले.

"वारा असंल," सुमनबाईंनीही मान वळवली नाही.

"वारा खोकतो का कुठं?" थावरा पुटपुटला.

हरभऱ्याच्या घाट्यांचा कचकच आवाज आता स्पष्ट ऐकू येत होता. सटवाजींच्या कपाळाची शीर उडत होती, मुठी वळल्या होत्या, पण जावयाकडे पाठ करायची त्यांची छाती होईना. शेवटी भागवतच सहज आळस द्यायला वळला आणि त्याच्या हातातला डबा खाली पडला. निम्मा हरभरा वानरांनी भरून गेला होता. जिथून माळा काढला होता नेमक्या त्याच जागी एक थोराड वानर मांडी घालून बसलं होतं आणि घाटे सोलून एकेक दाणा तोंडात टाकत होतं.

"मामा, मागे!"

परवानगी मिळाल्याबरोबर चौघंही आरडाओरडा करत असे धावले की वानरांच्या आधी कुत्रंच पळालं. टोळी माळरानाकडे पांगली. पण उत्तरेकडच्या सहा ओळींत नुसते देठ उरले होते.

माळ्यावरून उतरताना भागवतला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हरभरा गेला तो गेला, आपल्या पायी आरोहीचं नांदेडही गेलं, हे त्याला कळून चुकलं. तेवढ्यात ती पळतच आली. एका हातात भिंतीवरचं घड्याळ होतं, दुसऱ्या हातात सोनेरी अक्षरांचं जाडजूड बाड. भागवतचा प्रबंध! त्यानं तो सासुरवाडीला भेट दिला होता आणि सुमनबाई देव्हाऱ्यात ठेवून त्याला रोज हळदकुंकू वाहत असत.

"दाजी, अकरा आन् एक, यांची सरासरी किती?"

"सहा."

तिनं घड्याळ त्याच्यापुढे धरलं. "वानरं अकराकडून येतेत, न्हाईतर एकाकडून येतेत. बाराच्या दोन बाजूंनी. आन् आपण सहावर जाऊन बसलोय."

भागवतनं तिच्या हातातून घड्याळ घेतलं आणि बारावर बोट ठेवलं.

"पान एकशे बारा," आरोहीनं बाड उघडून इंग्रजी वाक्य मराठीत सांगितलं. "दिशांची सरासरी साध्या बेरीज-भागाकारानं कधीच काढू नये. घोर चूक होते."

"कोण म्हणतं असं?" सटवाजींनी विचारलं.

"दाजीच म्हणतेत."

तो अध्याय भागवतनं प्रबंध सादर करायच्या आदल्या आठवड्यात घाईघाईनं जुळवून घातला होता. त्यानंतर त्या पानाशी त्याची गाठ पडली नव्हती.

"तुमी तुमचंच पुस्तक वाचलं न्हाई व्हय?" शिवकन्येनं विचारलं.

"मग काढायची कशी?" थावरानं विचारलं.

आरोहीनं पऱ्हाट्यांचा, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांचा, भारा आणवला. शेताच्या मधून सुरुवात करून तिनं एकेका नोंदीची एकेक काडी त्या त्या दिशेनं मांडली, पहिलीच्या टोकाला दुसरी, दुसरीच्या टोकाला तिसरी. कधी जरा डावीकडे, कधी जरा उजवीकडे करत चाळीस काड्यांची ती रांग उत्तरेच्या बांधाला भिडली. कुत्रं पुन्हा आपल्या जागी येऊन बसलं होतं. शेवटच्या काडीचं टोक त्याच्या शेपटीला लागलं.

सटवाजी त्या रांगेच्या कडेनं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले. "जावईबापू, खरं सांगा. हे तुमचं पुस्तक आजवर किती जणांनी वाचलं?"

भागवतनं मनात मोजून पाहिलं. मार्गदर्शकांनी पहिलं आणि शेवटचं पान वाचलं होतं. "एकीनं," तो म्हणाला. "आरोहीनं."

"मंग तिला धाडतो नांदेडला," सटवाजी म्हणाले. "घरात मोजणारा हाय, लिहिणारा बी हाय. वाचणारं कुणी नव्हतं."

आरोही घड्याळासकट आईच्या गळ्यात पडली. भागवतला भडभडून आलं. आनंद जास्त की लाज, हे त्याला सांगता आलं नसतं.

"जावईबापू, तुमचा आकडा बराबरच व्हता," सुमनबाईंनी त्याची समजूत घातली. "फकस्त बाजू उलटी."

दुपारी माळा परत उत्तरेला उभा राहिला. राखणीला भागवत आपण होऊन चढला. कुत्रं खाली बसलंच होतं. भागवतनं गोफण बाजूला ठेवली, बाडावरचं हळदकुंकू पुसलं आणि पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. भाषा सोपी नव्हती, पण प्रबंध बरा होता.