चिंधी बांधलेला दोडका

आमचे शेजारी डोमाजीभाऊ दोडक्याला चिंधी बांधतात. वेलावर पहिला सरळ, डौलदार दोडका धरला की बायकोच्या जुन्या लुगड्याची लाल पट्टी त्याच्या देठाशी येते आणि त्या दिवसापासून तो घरातला वडीलधारा होतो. त्याला हात लावायचा नाही. तो वेलावरच वाळणार, मग त्याचं बी राखेत घोळून मडक्यात जाणार. पुण्याहून आलेल्या माझ्या साडूंनी ती चिंधी पाहिली आणि कुणाचा तरी नवस असेल म्हणून हात जोडले. डोमाजीभाऊंनी हरकत घेतली नाही.

थोडक्यात, चांगलं ते बियाला आणि वाकडंतिकडं ते माणसांना. अनुसयावहिनी म्हणायच्या, "लगीन होऊन आली तवापासून सरळ दोडका मी निस्ता पाह्यला जी. खाल्ले ते वाकडेच."

"जिभेचं काय, गिळलं का इसरली," भाऊ म्हणत. "बी राह्यलं तं वेल राह्यते."

साकोलीच्या कृषी मेळाव्यात हार-शाली आटोपल्यावर एका साहेबांनी भाऊंच्या हाती सुधारित बियाण्याचं पाकीट दिलं. यांनी विचारलं, "साहेब, याची माय कोनती?" साहेबांनी पाकीट उलटसुलट वाचलं. मायचा उल्लेख नव्हता.

भाऊंच्या दोडक्याचं बी त्यांच्या आईने माहेराहून आणलेलं. भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा झाला आणि ते माहेर पलीकडे गेलं. टपरीवर कोणाचं काय गेलं यावर भाषणं चालली होती, भाऊंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "गुर्जी, आता आपला दोडका कोन्त्या जिल्ह्याचा?"

यंदा जंगलातून माकडं आली आणि वेलाची दाणादाण करून गेली. मडक्यातलं बी सगळं पेरून झालं होतं. उरला एकच दोडका, चिंधीवाला, तोही अजून कोवळा. भाऊ वेलाखाली खाट टाकून राखणीला बसले.

"बंदूक मागवायची का?" मी म्हटलं.

"हासा गुर्जी, हासा. हा गेला तं मायचं बी सरलं."

त्याच सुमाराला वहिनी तापाने पडल्या. ताप उतरला, पण तोंडाला चव येईना. समोर आलेली पेज त्या तशीच सरकवून देत. काय खावंसं वाटतं, विचारलं तर म्हणत, "काहीच नाई जी."

एका सकाळी विचारपूस करायला गेलो, तर वेलाखालची खाट रिकामी. भाऊ चुलीपाशी होते. उभ्या जन्मात भाजी न केलेल्या माणसाने केलेली भाजी त्यांनी वहिनींपुढे ठेवली. पहिला घास घेतला आणि वहिनी थांबल्या. वेलावर एकच उरला होता, हे त्यांना ठाऊक होतं.

"अजी, मायचं बी?"

भाऊ चुलीत फुंकर घालू लागले. चूल चांगली पेटलेली होती.

"खाय ना वो. मीठ बराबर पडलं का, तेवढं सांग."

वहिनी सावकाश जेवल्या. मग ताट पुढे केलं.

"आनखी वाढा."