मावा खाणाऱ्याचा वंश

विद्यार्थ्यांच्या व्यसनांची पाहणी करण्याचे परिपत्रक सोलापुरातल्या एका महाविद्यालयात येऊन थडकले आणि शिरस्त्याप्रमाणे गणिताच्या सुबोध सरांच्या गळ्यात पडले. जिथे व्यसनी विद्यार्थी सापडतील, तिथे व्यसन सोडवणारा समुपदेशक मिळणार होता. सर खूश झाले, कारण त्याच सकाळी माळशिरसकडचा बिरुदेव आपणहून येऊन म्हणाला होता, “सर, मावा सुटंना झालाय. कायतरी करा की.”

सरांनी त्याला संगणकासमोर बसवले. पहिला प्रश्न होता, तुमचा वंश कोणता? त्याचे उत्तर दिल्याशिवाय नशेचा दुसरा प्रश्न उघडत नव्हता. पर्याय परदेशातून जसेच्या तसे आलेले: गोरा, काळा, आशियाई.

“ह्यातला मी कोण, सर?”

“आशियाई.”

“आन् बाकीची पोरं?”

“तीही आशियाईच.”

प्राचार्या विजयमालाबाईंना हे पसंत पडले नाही. “सगळेच एका रकान्यात गेले तर पाहणी कशाची करायची?” म्हणणे रास्तच होते. स्थानिक रकाने ठरवायला समिती नेमली गेली. समितीत सगळे पुरोगामी, जातपात न मानणारे. म्हणून जात कुणालाच विचारायची नाही, नुसते आडनाव विचारायचे आणि आपले आपण ओळखायचे, असे एकमताने ठरले.

रकाने निघणार म्हणजे सवलती निघणार, अशी आवई उठली. मग काय विचारता! शिष्टमंडळांची रीघ लागली. ज्याला त्याला स्वतंत्र रकाना हवा. घरी तेलुगू, आजोळी कानडी आणि कॉलेजात मराठी बोलणाऱ्यांनी तर तीन मागितले, आणि समितीने दिलेही.

मग पाहणी नशेची आहे हे फुटले. तीच मंडळी त्याच पायरीवरून पुन्हा वर आली. “आमचा रकाना काढा. आमच्यात कुणी सुपारीसुद्धा खात नाही,” एका पुढाऱ्याने हनुवटी वर करून, तोंडातला ऐवज सांभाळत सांगितले आणि तो घाईने खिडकीकडे गेला. समितीने लोकभावनेचा आदर करून एकेक रकाना वगळला. शेवटी ‘इतर’ तेवढा उरला. इतरांची बदनामी होते म्हणून तोही गेला.

रकानाच नाही म्हटल्यावर दुसरा प्रश्न काही उघडेना. अहवाल गेला, व्यसनी विद्यार्थी निरंक. महाविद्यालय व्यसनमुक्त ठरले, बाईंचा सत्कार झाला आणि समुपदेशक बार्शीच्या महाविद्यालयाला मिळाला.

सरांना मात्र लाज वाटली. त्यांनी बिरुदेवाला आपल्या खोलीत बोलावले.

“खड्ड्यात गेली ती पाहणी. रोज माझ्याकडे यायचं, फुटाणे खायचे. मावा कसा सुटत नाही ते मी बघतो.”

पोराचा चेहरा उजळला. त्याने खिशातली पुडी काढून टेबलावर ठेवली. “लई उपकार झाले, सर.”

“उपकार कसले रे,” सर मायेने म्हणाले. “बरं, आडनाव काय तुझं?”

बिरुदेवाने सरांकडे पाहिले, पुडी उचलली आणि परत खिशात घातली. “येतो, सर,” म्हणाला. तो काही पुन्हा आला नाही.

सरांना नावे ठेवू नका. पोरगा दारात आला तेव्हापासून त्याचे आडनाव कधी कळते याची वाट तुम्हीही बघताय की.