इब्राहीमभाईंची मुदतवाढ

आखातात, दुखानला तेल कंपनीच्या वसाहतीत पहिल्याच सकाळी मी आंघोळीला गेलो आणि किंचाळत बाहेर आलो. बादलीत जिवंत कुर्ल्या होत्या!

"ओरडू नकोस, बाबा," खोलीतले माझे जोडीदार दबक्या आवाजात म्हणाले. "मोठी आहे ना, ती कात टाकायच्या बेतात आहे. घाबरली तर अर्ध्यात अडकेल."

"आणि मी आंघोळ कशात करू?"

"शेजारच्या खोलीत विचार की."

हे इब्राहीमभाई. रत्नागिरीकडचे, चाळिशी उलटलेले, कंपनीच्या स्टोअरमध्ये कारकून. पण कारकून म्हटलेलं त्यांना खपत नसे. नव्या माणसापुढे हात करून सांगायचे, "इब्राहीम. रिसर्च स्टुडंट. सध्या जरा खंड पडलाय." एका गोऱ्या साहेबाने सहज विचारलं, कधीपासून? "वडील गेले तेव्हापासून," इब्राहीमभाई म्हणाले, आणि साहेब ओशाळून निघून गेला.

हकिगत खरी होती. एम.एससी. होऊन ते मुंबईच्या एका कॉलेजात कुर्ल्यांवर संशोधन करत होते. वडील अचानक गेले, स्कॉलरशिप संपली, पाठच्या बहिणी लग्नाच्या झाल्या. शेवटी आखाताची वाट धरली. "पण नाव काढलेलं नाही हां," ते बजावायचे. "दर जूनला मुदतवाढ मिळते. आमचे सर माणूस म्हणून फार मोठे."

शुक्रवारी सुट्टी. त्या दिवशी सकाळपासून हा माणूस टाय बांधून बादलीसमोर स्टुलावर बसायचा. दुखानच्या उन्हाळ्यात टाय! मी तर डोक्याला हात लावला. "आज डिपार्टमेंट उघडं असतं," त्यांचं उत्तर. दुपारी नमाजाला जातानाही टाय तसाच. मेसमध्ये कुर्ल्यांचं कालवण असलं की ताट पुढे सरकवायचे. विद्यार्थ्याने आपला विषय खाऊ नये, हा त्यांचा नियम.

मग मेसला यशवंत नावाचा नवा आचारी आला, गुहागरचा. एका शुक्रवारी इब्राहीमभाई मशिदीत असताना तो आमच्या खोलीत एखादी रिकामी बादली मागायला म्हणून आला. मी स्टोअरच्या एका साहेबाकडे गेलो होतो. यशवंतने बादलीत डोकावून पाहिलं. गुहागरच्या माणसाला ताज्या, भरलेल्या कुर्ल्या दिसल्यावर दुसरं काय सुचणार? मी परत आलो तेव्हा मेसभर वास दरवळत होता. मीही दोनदा वाढून घेतलं. आणि तेवढ्यात दारात इब्राहीमभाई, टायसकट.

त्यांनी माझ्या ताटाकडे पाहिलं. ताटात मोठी नांगी होती.

"माझ्या कुर्ल्या?" त्यांनी विचारलं.

"तुमच्या व्हय?" यशवंत गडबडला. "मला वाटलं, मेससाठीच आणल्यात. मी खोबऱ्याचं वाटप लावून झ्याक केल्या..." मग आमचे चेहरे पाहून त्याने हातातला डाव खाली ठेवला.

आता आकाश कोसळणार, असं आम्हाला वाटलं. इब्राहीमभाईंनी टाय सैल केला, खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "खलास. या वर्षाचं काम खलास."

मला राहवेना. म्हटलं, "इब्राहीमभाई, मी तुमच्या सरांना कळवतो. चूक आमची होती म्हणून सांगतो. ते मुदत वाढवून देतील."

"सर केव्हाच गेले, बाबा."

"गेले? मग मुदतवाढ कोण देतं?"

"मीच."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. कॉलेजाने त्यांचं नावसुद्धा कधीचंच काढून टाकलं होतं. दर जूनला हा माणूस टाय बांधून स्वतःसमोर उभा राहायचा, वर्षभर काय केलं ते स्वतःलाच सांगायचा आणि स्वतःच मंजुरी द्यायचा.

"हसू नका," ते म्हणाले. "शिक्षण संपलं म्हटलं, की मी नुसता स्टोअरचा कारकून उरतो. मग इथे रोज सकाळी उठायचं कशासाठी?"

हसायला कुणाला सुचत होतं? यशवंत तर डोळे पुसत होता. पुढच्याच शुक्रवारी भल्या सकाळी ओहोटीला त्याने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, वसाहतीजवळच्या समुद्रात उतरला आणि चार कुर्ल्या धरून आणल्या. बोट चावून घेतलं ते वेगळं.

जून आला. आम्ही मेसमधलं टेबल ओढलं, पलीकडे मी आणि यशवंत बसलो. मॅट्रिकच्या पुढे आमच्यापैकी कुणी गेलेलं नव्हतं. मी घसा साफ करून विचारलं, "यंदा काय प्रगती?"

इब्राहीमभाई आधी चक्रावले. मग खोलीत गेले, टाय बांधून आले आणि उभ्याउभ्या बोलू लागले. कुर्लीची कात कुठून फाटते, जुन्या कवचातून ती पाय कशी सोडवते, मऊ अंगाने कुठे दडून बसते. कळत काहीच नव्हतं, पण आम्ही हललो नाही. बोलून झाल्यावर ते हात मागे बांधून, शाळेतल्या पोरासारखे ताठ उभे राहिले.

"मग," त्यांनी हळूच विचारलं, "मंजूर?"

मी यशवंतकडे पाहिलं. त्याने जोरजोरात होकारार्थी मान डोलावली.